रेणू तुटतो कसा? बोंबलाच्या निमित्ताने

(विहाराच्या वर्धापनदिनी अर्नाळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला रसायनशास्त्रावर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. विषय पुस्तकी वाटतो खरा. पण अर्नाळ्यात राहणाऱ्या माणसाला हा विषय रोज नाकाने कळत असतो. सकाळी किनाऱ्यावर होडी लागते, दुपारपर्यंत टोपलीतल्या मासळीचा वास बदलतो. हा जो बदल आहे तो रेणू तुटल्यामुळे होतो. कोणता रेणू, कुठे तुटला आणि कुणी तोडला, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. शेवटी त्याचा संबंध आपल्या मासळीविक्रेत्या बायांच्या इभ्रतीशी कसा येतो तेही सांगू.

आधी थोडे मुळाकडे जाऊ. अणू एकमेकांना धरून राहतात, त्या धरण्याला बंध म्हणतात. अणूंचा असा बांधलेला समूह म्हणजे रेणू. आता एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, कारण तो कॉलेजात शिकलेल्यांच्या डोक्यातही असतो. लोक म्हणतात, "बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते." हे उलटे आहे. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा खर्चच करावी लागते. फुकट काही तुटत नाही. मग चुलीतले लाकूड जळताना उष्णता येते कुठून? ती येते नवे बंध जुळताना. लाकडातले जुने बंध तुटतात, त्याला खर्च येतो. त्यातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी नवे, जास्त घट्ट बंध जोडतात, त्यातून मिळकत होते. खर्चापेक्षा मिळकत जास्त, म्हणून हात शेकतात.

मग कुणी विचारील की, मिळकत जर जास्त आहे तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली लाकडी होडी आपोआप का पेटत नाही? हवा आहे, लाकूड आहे, फायदा आहे. तरी होडी वर्षानुवर्षे तशीच उभी. याचे उत्तर घराच्या उंबरठ्यात आहे. ओटीवर एक चेंडू ठेवला आहे असे समजा. अंगण ओटीपेक्षा खाली आहे. चेंडू बाहेर गेला तर गडगडत खालीच जाणार. पण मध्ये उंबरठा आहे. जोवर कुणी पायाने ढकलून त्याला उंबरठ्यावर चढवीत नाही, तोवर तो ओटीवरच राहणार. होडीला काडी लावणे म्हणजे चेंडूला तो पहिला धक्का देणे. पुढे एक चेंडू पडताना दुसऱ्याला ढकलतो आणि आग पसरते.

म्हणजे 'स्थिर' या शब्दाचे दोन अर्थ झाले. एक वस्तू स्थिर असते कारण ती आधीच अंगणात, सर्वांत खाली आहे. पाणी तसे आहे, चुन्याची फक्की तशी आहे, हवेतला नायट्रोजन तर फारच घट्ट. दुसरी वस्तू स्थिर दिसते, पण ती फक्त उंबरठ्यामुळे अडकलेली असते. आपले लाकूड, कापड, तेल, मासळी, एवढेच कशाला, आपले शरीरसुद्धा या दुसऱ्या प्रकारात मोडते. विहारात उभे राहून हे बोलताना 'कारण असेल तर घडते, कारण नसेल तर घडत नाही' हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार मनात येतोच. पण धम्म आणि रसायनशास्त्र यांची ओढूनताणून मोट बांधणे आम्हाला पसंत नाही. प्रत्येकाने आपल्या ठिकाणी पुरेसे आहे.

उंबरठा किती उंच असू शकतो याचे उदाहरण युरियाचे घेऊ. वसईच्या वाडीतल्या शेतकऱ्याला युरिया माहीत आहे तो खताच्या गोणीतला. कोळी बांधवांना तो दुसऱ्या वाटेने माहीत आहे, नाव माहीत नसले तरी. मुशीच्या मांसात युरिया भरपूर असतो. समुद्राच्या खारट पाण्यात अंगातले पाणी टिकवायला तिने केलेली ती सोय आहे. आता हाच युरिया शुद्ध पाण्यात विरघळवून, जंतू लागू न देता, साध्या तापमानाला ठेवला तर त्यातला अर्धा तुटायला सुमारे ४० वर्षे लागतील असा हिशेब आहे. चाळीस वर्षे! आणि मुशी मात्र नीट ठेवली नाही तर लवकरच डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास मारू लागते. रेणू तोच. फरक पडला तो जिवाणूंनी आणलेल्या युरिएज नावाच्या विकरामुळे. विकर म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते. विकर युरियाला ढकलीत नाही. तो उंबरठाच कापून बुटका करतो. शेतात टाकलेला युरिया काही दिवसांत अमोनिया होऊन जातो तोही मातीतल्या याच विकरामुळे. हे विकर स्फटिकरूपात सर्वप्रथम वेगळे काढले ते जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९२६ साली, तेही एका जातीच्या शेंगेच्या दाण्यांतून. समनरचा डावा हात किशोरवयातच शिकारीच्या अपघातात गेला होता. हाताने करायचे शास्त्र तुला जमणार नाही असे त्याला सांगितले गेले होते. १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुलांनो, हे लक्षात ठेवा.

आता उलट बाजू, मुळातच बुटका उंबरठा. लाकडी होडीवर फायबर चढवायचे काम किंवा पूर्ण फायबरची होडी बांधायचे काम ज्यांनी केले आहे ते हार्डनर ओळखतात. रेझिनमध्ये तो थोडासा टाकला की काही वेळात रेझिन दगडासारखे होते. या हार्डनरमध्ये सेंद्रिय पेरॉक्साइड असते. त्यात दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि हा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध फार कमकुवत. कार्बन-कार्बन बंधाच्या निम्म्याच्या आसपास त्याची ताकद. तो तुटला की दोन अर्धवट, अस्वस्थ तुकडे तयार होतात आणि रेझिनच्या रेणूंना एकमेकांत गुंफत सुटतात. म्हणजे इथे तुटणे हेच उपयोगाचे आहे. पण त्याच कामात कोबाल्टचे जांभळे द्रावणही वापरतात, ते पेरॉक्साइडचे तुटणे आणखी सोपे करते. म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचे आणि मगच हार्डनर घालायचा. हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही सरळ एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत. ओतले तर भडका उडतो, स्फोटही होतो. एकाच डब्याने दोन्ही मापायचे नाहीत. डबे उन्हात ठेवायचे नाहीत. डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्म्याशिवाय काम नको, आणि उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहून दवाखाना गाठायचा. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जो भीषण स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या, त्या कारखान्यात पेरॉक्साइडचेच काम चाले असे त्या वेळच्या बातम्यांत होते. आपल्या वस्त्यांतली किती तरी पोरे रोजंदारीवर अशा ठिकाणी जातात. पिंपावर काय लिहिले आहे ते वाचून घेण्याचा आणि विचारण्याचा त्यांना हक्क आहे. मुकादम रागावला तरी विचारायचे.

असो. आता आपण मूळ गोष्टीकडे, म्हणजे बोंबलाकडे येऊ.

समुद्रातल्या मासळीच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. नाव लांबलचक आहे, तेव्हा आपण त्याला सोयीसाठी 'सागरी रेणू' म्हणू. हे नाव आमचे, शास्त्राचे नव्हे. त्याची घडण अशी : मधोमध एक नायट्रोजन. त्याला तीन बाजूंनी तीन मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अशा तीन जुड्या. चौथ्या बाजूला एक ऑक्सिजन. जिवंत माशात तो मोठे काम करतो. खाऱ्या पाण्याशी तोल सांभाळतो आणि प्रथिनांची घडी विस्कटू देत नाही. मुशीच्या अंगातला युरिया प्रथिनांना त्रासदायक असतो, त्यावर उतारा म्हणूनही हाच रेणू उपयोगी पडतो. त्याला स्वतःला वास नाही. एकटा सोडला तर तो आपणहून तुटत नाही.

मासा मेला की मात्र या रेणूला दोन वाटा फुटतात.

पहिली वाट जिवाणूंची. मांसात हवा कमी पडू लागली की काही जिवाणू या रेणूतला ऑक्सिजन ओढून घेतात. आपण हवेतला ऑक्सिजन वापरतो तसा ते हा वापरतात. नायट्रोजन-ऑक्सिजन बंध तुटला. मागे उरले ट्रायमिथाइल अमाइन. हा पदार्थ साध्या हवेत वायूरूप होतो आणि त्याचाच तो ओळखीचा मासळीचा वास. ताज्या मासळीला जवळजवळ वास नसतो असे जुनी कोळीण सांगते, ते शास्त्राला धरून आहे.

दुसरी वाट माशाच्या स्वतःच्या विकराची. काही थोड्याच जातींच्या माशांत ती मोठ्या प्रमाणावर चालते. थंड समुद्रातले कॉड आणि हेक, आणि आपल्याकडे ज्या गटात बोंबील मोडतो तो गट. हे विकर ऑक्सिजनला हात लावत नाही. ते एक मिथाइल जुडीच नायट्रोजनपासून सोडवते, आणि तो ऑक्सिजन त्या सुटलेल्या कार्बनबरोबर जातो. उरतात दोन तुकडे. एकाचे नाव डायमिथाइल अमाइन. दुसऱ्याचे नाव फॉर्माल्डिहाइड.

हे दुसरे नाव ऐकून काही जण सरसावून बसले, ते बरोबरच आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळवला की त्याला फॉर्मेलिन म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत साप, बेडूक ठेवलेले असतात ते त्यातच. तो प्रथिनांना एकमेकांशी शिवून टाकतो, म्हणून मांस कुजत नाही आणि कडक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकले, मुख्यतः श्वासावाटे जाणाऱ्या फॉर्माल्डिहाइडच्या पुराव्यावरून. खाण्याच्या मासळीवर फॉर्मेलिन मारणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे.

जुलै २०१८ मध्ये गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारात मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गवगवा झाला आणि गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घातली. त्याआधी केरळातही अशीच मासळी पकडली गेली होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तपासणीसाठी कागदी पट्ट्यांचा संच तयार केला होता. पट्टी मासळीवर घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, रंग बदलला की फॉर्माल्डिहाइड आहे. सोय चांगलीच झाली. ग्राहकाच्या हातात तपासणीचे साधन येणे ही आम्ही चांगली गोष्ट मानतो.

पण बोंबलाच्या बाबतीत इथेच घोळ आहे. समजा, एखाद्या गिऱ्हाइकाने बाजारात बसलेल्या मावशीच्या टोपलीतल्या बोंबलावर अशी तपासणी केली आणि रंग आला. चार माणसे जमणार, "केमिकल मारलंय" म्हणून ओरडणार, कुणी मोबाइलवर फोटो काढणार. मावशी शपथ घेऊन सांगणार की मी बर्फाशिवाय काही घातले नाही. आणि ती खरे बोलत असू शकते! चीनमध्येही हा मासा आवडीने खातात, तिथल्या तपासण्यांत काहीही न मिसळलेल्या बोंबलातही किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे फॉर्माल्डिहाइड आढळलेला आहे. तो माशाने स्वतः, आपल्याच रेणूतून तयार केलेला. फॉर्माल्डिहाइडच्या रेणूला जात नसते. तो कारखान्याच्या पिंपातून आला की माशाच्या पोटातून, हे त्याच्या अंगावर कुठेही लिहिलेले नसते. पट्टीला तो दोन्हीकडचा सारखाच दिसतो.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? इथे रेणू कसा तुटतो याची माहिती साक्षीला येते. आम्ही आत्ता सांगितले की, दुसऱ्या वाटेने एक रेणू तुटला की दोन तुकडे होतात. एक फॉर्माल्डिहाइड तयार झाला तर त्याच्या जोडीला एक डायमिथाइल अमाइन तयार झालेच पाहिजे. हिशेबात चूक नाही. बाटलीतल्या फॉर्मेलिनबरोबर मात्र डायमिथाइल अमाइन येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही मोजावेत. दोन्ही असतील आणि फॉर्माल्डिहाइड जोडीदारापेक्षा जास्त नसेल, तर तो माशाचा स्वतःचा मानता येतो. जोडीदार नाहीच, किंवा फॉर्माल्डिहाइडचे रेणू जोडीदारापेक्षा किती तरी जास्त, तर वरून काही तरी घातले आहे. एक बारकावा असा की, तयार झालेल्या फॉर्माल्डिहाइडपैकी बराचसा प्रथिनांना चिकटून बसतो, त्यामुळे मोकळा फॉर्माल्डिहाइड जोडीदारापेक्षा कमीच सापडतो. कमी सापडला तर संशय नको. जास्त सापडला तर हवा. आमचे स्पष्ट मत आहे की, बोंबलाच्या बाबतीत नुसत्या पट्टीच्या रंगावरून कुणाचा माल फेकू नये आणि कुणाला चोर ठरवू नये. पट्टीवरून संशय घ्यावा, निवाडा प्रयोगशाळेने करावा. आणि बाजारात हे सांगायला आपल्यातलीच शिकलेली पोरे पुढे आली पाहिजेत, कारण टोपलीमागे बसलेल्या बाईला 'डायमिथाइल अमाइन' म्हणून कुणी ऐकून घेणार नाही.

याचा अर्थ माशाचा स्वतःचा फॉर्माल्डिहाइड चांगला, असा मात्र कुणी काढू नये. रेणू एकच असेल तर गुणही एकच. म्हणून तो कमी कसा होईल हे बघायचे. पहिली गोष्ट वेळ. पकडल्यापासून चुलीपर्यंत जितका वेळ कमी, तितके विकराचे काम कमी. बर्फ हवाच, त्याने दोन्ही वाटा मंदावतात. पण बर्फाने आणि साध्या फ्रीजरने विकर मरत नाही. कॉड माशावरच्या अभ्यासात असे दिसले की, उणे १० अंशांवर जिवाणू थांबतात तरी हे विकर हळूहळू काम करीतच राहते, आणि गोठलेला मासा काही महिन्यांत चामट होतो. तो चामटपणा फॉर्माल्डिहाइडने घातलेल्या टाक्यांचा. तेव्हा वास नाही म्हणजे मासा ताजा, हे गोठवलेल्या मासळीला लागू पडत नाही. पहिली वाट बंद, दुसरी चालू, अशी ती अवस्था असते. बोंबील फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने ठेवण्यात काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट साफसफाई. हे विकर आतड्यांत आणि आतल्या अवयवांत जास्त असते, तेव्हा पोट लवकर साफ करावे. तिसरी गोष्ट, फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळतो, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुणे फायद्याचे. पोट साफ करून, धुऊन, वजनाखाली दाबून बोंबलाचे पाणी काढायची आपल्या घरातली रीत आहे, ती या दृष्टीनेही चांगलीच.

स्वयंपाकघरातली आणखी एक रीत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वास मारणाऱ्या मासळीला आपण चिंच, कोकम किंवा लिंबू लावतो. इथे कुठलाच रेणू तुटत नाही. चिंचेतले आम्ल ट्रायमिथाइल अमाइनला धरते आणि त्याचे क्षार करते. क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकाला वास येत नाही. मासा मात्र होता तेवढाच शिळा राहतो. मुलांनी घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. एकाच माशाचे दोन तुकडे घ्या, एकाला लिंबू लावा, एकाला लावू नका, आणि दोन्हींचा वास घ्या. नंतर लिंबू लावलेल्या तुकड्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. वास परत येईल. सोड्याने आम्लाची पकड सोडवली. तुकडे मग फेकून द्या, आईच्या कालवणात टाकू नका.

राहिला सुका बोंबील. व्याख्यानाआधीच एका ताईंनी विचारले होते की, मग सुक्या बोंबलाचे काय? वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतात तेव्हा आपण त्यातले पाणी काढून घेत असतो. ओल्या बोंबलात दहातले आठ-नऊ भाग पाणीच असते. जिवाणूंना जगायला पाणी लागते, विकरालाही रेणूपर्यंत पोहोचायला पाणी लागते. पाणी गेले की उंबरठा होता तेवढाच राहतो, पण त्याला बुटका करणारा जागेवर पोहोचत नाही. म्हणून दोन्ही वाटा जवळजवळ थांबतात. पण थांबण्यापूर्वी जेवढे तुटले तेवढे तुटलेच, ते सुकवून परत जुळत नाही. यासाठी ताजा बोंबील लगेच टांगलेला चांगला आणि विकून उरलेला, दोन दिवस पडलेला टांगलेला वाईट, दिसायला दोन्ही सारखेच असले तरी. चांगले ऊन आणि खारा वारा असला तर तीन-चार दिवसांत काम होते. मळभ आले, दिवस लांबले, की त्या ओलसर दिवसांत आत तुटणे चालूच राहते. घरी डब्यात भरून ठेवलेला सुका बोंबील पावसाळी हवेत ओल ओढून घेतो, आणि थांबलेले काम पुन्हा सुरू होते. ताई, डबा घट्ट झाकणाचा घ्या, आणि पावसाळ्यात मध्येच दोन दिवस कडक ऊन पडले तर बोंबील बाहेर काढून वाळवून घ्या. मऊ पडलेले आणि गुलाबी-लाल डाग दिसणारे बाजूला काढा, ते मात्र खाऊ नका.